'समर्पक साथ' म्हणजे नक्की काय हो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आमच्या इथल्या मैफलीचा रिपोर्ट आलाय, फोटोसकट, आणि खरं सांगायचं तर मी आधी फोटोच बघितला. गायिका मधोमध, डोळे मिटलेले, एक हात वर, छान आलाय. उजव्या कडेला मात्र भात्यावरची चार बोटं तेवढी दिसतायत, पेटीवाला कापला गेलाय. डावीकडं तबल्याचा अर्धा गोल, तबलजी पण गेला. मागं तंबोऱ्याच्या दोन खुंट्या, त्या कुणाच्या खांद्यावर होत्या ते देव जाणे. मग रिपोर्ट वाचला. पाऊण कॉलम गायिकेच्या आलापीवर, तानांवर, निळ्या पैठणीवर पण एक वाक्य आहे, आणि अगदी शेवटी, जाहिरातीच्या जरा वर, ते ठरलेलं वाक्य, की तबल्यावर अमुक आणि हार्मोनियमवर तमुक यांनी समर्पक साथ केली. कधी 'समर्पक' असतं, कधी 'तोलामोलाची', कधी 'साथसंगत लाभली'. गेली तीस वर्षं मी हेच वाचतेय, पेपर कुठलाही असू दे.

तर माझा प्रश्न साधा आहे. समर्पक म्हणजे काय केलं हो त्यांनी?

मी स्वतः पेटी वाजवते म्हणून विचारतेय. मोठी कलाकार वगैरे नाही, पोस्टातून रिटायर झाले, आमच्या भजनी मंडळाला, गाण्याच्या क्लासच्या मुलींना परीक्षेच्या वेळी आणि कधीमधी ऐनवेळी पेटीवाला आला नाही म्हणून एखाद्या बुवांना, अशी माझी साथ. पण बसते तिथं, त्या कडेच्या जागेवर, म्हणजे जो भाग तुमच्या फोटोत कापला जातो तिथून गाणं कसं दिसतं ते मला माहितीये आणि तिथून ते फार वेगळं दिसतं.

एक किस्सा सांगते, माझ्याच फजितीचा. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बाहेरगावच्या बुवांबरोबर बसले होते, संध्याकाळची बैठक, बुवांनी मारवा धरला. आता मारवा म्हणजे काय, तर कोमल रिषभ आणि धैवत यांच्यावर रेंगाळायचं आणि षड्जाला टाळत राहायचं. पंचम त्यात नाहीच, शुद्ध मध्यम पण नाही, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार निषादाला लावतात, बाकीच्या तारा मात्र सा च्याच. म्हणजे सा मागं सतत वाजतोय, ऐकणाऱ्याला घर दिसतंय आणि गाणारा उंबऱ्यावर उभा राहून आत जातच नाहीये, ती जी काही हुरहूर लागते ना, सगळा मारवा त्या हुरहुरीत आहे. बुवांनी धैवतावर असा सुरेख ठहराव घेतला, श्वासाला थांबले, आणि मी शहाणी, मोकळी जागा दिसली म्हणून हात सरळ सा वर नेऊन ठेवला. झालं. दहा मिनिटं बांधत आणलेलं सगळं एका पट्टीवर बसलं. बुवांनी मान वळवली, हसून हळूच म्हणाले, "बाई, सा तुमच्याकडंच राहू दे, मला आत्ता नकोय." माइकवरून सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

त्या दिवशी मला साथ म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं, खरंच. सूर चुकीचा नव्हताच हो, सा कधी चुकीचा असतो का. जागा चुकीची होती. आणि मैफलीत एखाद्या पेटीवाल्यानं तो सा तासभर वाजवलाच नाही, हात आवरून धरला, तर ते ऐकणाऱ्याला कळणारच नाही, रिपोर्ट लिहिणाऱ्याला तर नाहीच. त्यानं जे केलं नाही त्यातच त्याचं सगळं काम आहे. आता हे समर्पक या एका शब्दात कसं मावायचं?

पेटीच्या साथीचं बघा. गाणारा पुढं, पेटी अर्ध्या पावलानं मागं. गाण्याच्या एकदम बरोबरीनं वाजवली तर पुढं काय येणार ते आधी माहिती असल्यासारखं होतं, आणि ख्यालात ते गाणाऱ्याला पण माहिती नसतं बऱ्याचदा. फार मागं राहिली तर विहिरीत हाक मारल्यावर परत येते तसं ऐकू येतं. त्या मधल्या केसभर अंतरात बसायचं असतं. आणि गाणारा थांबला की त्याचा शेवटचा तुकडा, तेवढाच, हलका करून परत म्हणायचा, म्हणजे त्याला श्वास घ्यायला मिळतो आणि लोकांचं कान तिथंच राहतं. त्यात स्वतःची हुशारी घालायची नाही, गाणाऱ्यानं अजून न घेतलेला स्वर आपण आधी दाखवायचा नाही. एखादी गायिका पाऊण तास तार षड्जाकडं जायचं राखून ठेवते, आणि पेटीवाला मधल्या जागेत तिथं जाऊन घंटी वाजवून येतो, असं मी बघितलंय, त्या बाईच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं.

बरं पेटीच्या मर्यादा आहेत त्या आहेतच. मींड येत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं तर मधे पट्ट्या आहेत, पायऱ्याच त्या, उतार नाही. दरबारीचा कोमल गंधार झुलवत झुलवत घेतात तो पेटीवर येणारच नाही, तिथं शहाणा पेटीवाला काय करतो तर नुसता स्पर्श करतो आणि सोडून देतो, किंवा रिषभावर थांबून गंधार गाणाऱ्याला देऊन टाकतो. आणि स्वरांचं लावणं. पेटीच्या बारा पट्ट्या सारख्या अंतरावर, शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट (सुरांमधलं अंतर मोजायचं माप) धरायचे, म्हणजे शुद्ध गंधार ४०० सेंटवर येतो. आणि चांगला लागलेला तंबोरा असेल तर खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या, तारेतून आपोआप एक गंधार ऐकू येतो, स्वयंभू म्हणतात त्याला, तो साधारण ३८६ वर. हा चौदा सेंटचा फरक म्हटलं तर काहीच नाही, पण गाणारा तंबोऱ्याचा गंधार लावून उभा असेल आणि पेटीनं आपला चढा गंधार त्याच्यावर दाबून धरला तर दोघांची किरकिर कानाला ऐकू येते. पंचमाला हा त्रास जवळजवळ नाही, दोनच सेंटचा फरक. म्हणून पंचमावर खुशाल टेकावं आणि गंधारावर पाय जपून ठेवावा, हे कुणी शिकवत नाही, कान पकडल्यावरच येतं. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या बावीस बारीक सुरांची, पेटी केली ती याच भानगडीवर उपाय म्हणून. मनोहर चिमोटेंनी पेटीतच बदल करून तिला संवादिनी नाव दिलं आणि सोलो वाजवून दाखवलं. माझ्याकडं मात्र जुनीच आहे, कोमल निषादाचा सूर जरा फाटलेला.

याच सगळ्यावरून १९४० साली रेडिओनं पेटीवर बंदी घातली होती, आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं, तेही हळूहळू. तीस वर्षं! हे परदेशी वाद्य, याच्यात श्रुती नाहीत, मींड नाही, असं म्हणणं होतं आणि ते म्हणणं अगदीच खोटं होतं असं पेटीवाली असून मी पण म्हणणार नाही. सारंगी गळ्याच्या किती जवळ जाते ते ऐकलंय मी. पण गंमत अशी की त्याच काळात आपल्याकडं महाराष्ट्रात पेटीवाचून पान हलत नव्हतं. कीर्तनात पेटी, भजनात पेटी, नाटकात पायपेटी. आणि त्याच्याही आधीचे गोविंदराव टेंबे पेटीवाले, भास्करबुवा बखल्यांची साथ केलेले, आणि १९११ साली 'मानापमान'च्या चाली त्यांनीच दिल्या. साथ करणाऱ्या माणसाला गाण्याच्या पोटातलं काय काय माहिती असतं याचा याहून मोठा पुरावा मला तरी नको.

सारंगीचं आठवलं म्हणून सांगते, पंडित रामनारायण मूळचे साथीचे सारंगीवाले, रेडिओवर नोकरी केलेले, आणि पुढं पन्नासच्या दशकात मुंबईत साथ सोडून एकट्यानं सारंगी वाजवायला लागले. लोक म्हणतात सारंगीला प्रतिष्ठा मिळाली, मिळालीच. मला मात्र त्यात एक वेगळंच दिसतं, की साथीला प्रतिष्ठा हवी असेल तर साथ सोडावी लागते. असो.

तबल्याकडं येते, कारण रिपोर्टात तबलजीचं कौतुक झालंच तर ते फक्त द्रुत, म्हणजे जलद लय, आलं की होतं. टाळ्यांचा कडकडाट वगैरे. विलंबितात तो काय करत होता यावर एक अक्षर नाही, आणि खरं अवघड काम तिथं असतं. विलंबित एकताल घ्या, बारा मात्रा, पण लय इतकी संथ की एक आवर्तन, म्हणजे तालाचा पूर्ण फेरा, कधी कधी मिनिटभर चालतं. एवढ्या लांब पटांगणात गाणाऱ्याला आपण कुठं आहोत ते कळायला खुणा लागतात. ती खूण म्हणजे तिरकिट हा बोल. चौथ्या मात्रेला एकदा येतं, दहाव्या मात्रेला परत येतं. गाणारा आलापात पार बुडालेला असला तरी कानाच्या एका कोपऱ्यात ते दहाव्या मात्रेचं तिरकिट पडलं की त्याला कळतं, आता दोनच मात्रा राहिल्या, मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, उचला. आता समजा तबलजीला तिथं हात दाखवायची हौस आली आणि त्यानं नवव्या मात्रेपासूनच भरायला सुरुवात केली, तर ऐकणारा म्हणेल वा काय हात आहे, आणि गाणाऱ्याचा मैलाचा दगड कुणीतरी उपटून नेल्यासारखं. तो समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येईल बिचारा, पण धापा टाकत येईल. आणि तासभर नुसता ठेका धरायचा, सारख्या वजनाचा, ना पुढं ना मागं, बायाची, म्हणजे डग्ग्याची, आस (घुमणारा आवाज) तशीच गोल ठेवून, हे करून बघा म्हणावं कुणीतरी घरी दहा मिनिटं. टेबलावर बोटांनी केलं तरी कळेल.

अहमदजान थिरकवाँसारखा माणूस, तबल्यातला डोंगर, सोलोला बसला तर तास दोन तास नुसता तबला ऐकावा असा, तो गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना ठेका धरत होता, आणि सारंगीवर कादरबक्ष. एवढं सगळं हातात असून नाटकातल्या पदाला जेवढं लागतं तेवढंच द्यायचं. आमच्या आजीनं ऐकलेलं ते नाटक, ती सांगायची की बालगंधर्व गाताना तबला ऐकू येतोय असं वाटायचंच नाही, पण मधे क्षणभर थांबला की घरातला दिवा गेल्यासारखं वाटायचं. आजीला ताल वगैरे काही कळत नव्हतं हो, एकताल आणि एकादशी यात तिला फार फरक नव्हता. पण मला वाटतं यापेक्षा चांगलं रिव्ह्यू त्या तबल्याचं कुणी लिहिलं नसेल.

कुमार गंधर्वांचं तर अजून वेगळं. क्षयाच्या दुखण्यातून उठल्यावर त्यांची गायकी लहान लहान तुकड्यांची झाली, एकदम उसळून येणारा तुकडा आणि मग शांतता. त्या शांततेत काय वाजायचं? वसंतराव आचरेकरांचा तबला आणि गोविंदराव पटवर्धनांची पेटी. रेकॉर्डिंगं आहेत, कुणीही ऐकावीत, पण एकदा गाणं सोडून नुसत्या त्या मधल्या जागा ऐका. तिथं ही दोघं गर्दी करत नाहीत आणि जागा रिकामी पण पडू देत नाहीत. तंबोरे तर इतके सुरेल लागलेले की ते दोन तंबोरे म्हणजे तिसरा गवईच.

तंबोऱ्यावर बोलले नाही तर आमच्या मिरजेची माणसं मला घरात घेणार नाहीत. इथं सतारमेकरांच्या गल्लीत जाऊन बघा, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे छताला टांगलेले असतात, जवारी लावणारा, म्हणजे तंबोऱ्याची गुंज उघडणारा, माणूस घोडीवरून कानस फिरवतो, तार छेडतो, परत फिरवतो, अर्धा दिवस एका तंबोऱ्यावर. मग तारेखाली तो बारीकसा दोरा सरकवायचा, सुताएवढा हलला तरी आवाज मिटतो नाहीतर उघडतो. २०२४ मधे मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पेपरात मोठी बातमी होती, तुमच्याकडं पण. पण तोच तंबोरा मैफलीत मागं बसून दोन-अडीच तास छेडणाऱ्या पोरीचं नाव मात्र तुमच्या रिपोर्टात नाही. त्या पोरीचं काम काय, तर चार तारा एकसारख्या वेगानं, तबल्याच्या लयीत न सापडता, हे विशेष, कारण तबला द्रुतात गेला की बोटं आपोआप त्याच्यामागं धावतात आणि तंबोरा तालात वाजायला लागला की संपलं सगळं. शिवाय पाय बधिर, खोकला आवरायचा, आणि हॉलचा एसी लागला की तारांचा सूर हलतो मग गाण्याच्या मधेच खुंटी पिळायची ती पण गाणाऱ्याला धक्का न लागता. हल्ली मोबाइलवर तंबोरा लावतात, मी पण लावते रियाजाला, सोय आहे, नाही म्हणत नाही. पण मोबाइल गाणाऱ्याचं ऐकत नाही. मागची पोरगी ऐकत असते.

वाद्यांच्या मैफलीत गणित जरा निराळं होतं. सतारवाला आलाप-जोड करतो तेव्हा तबलजी हात बांधून बसलेला, सतार स्वतःची साथ स्वतःच करते, चिकारीच्या तारा लय देतात, तरफा, त्या खालच्या बारीक तारा, खालून गुंजत राहतात. मग गत, म्हणजे तालात बांधलेली धून, सुरू झाली की तबला येतो आणि इथं मजा बघा, थोड्या वेळानं सतारवाला नुसती गत फिरवत बसतो आणि तबलजी मोकळा सुटतो. म्हणजे आत्तापर्यंत जो साथीला होता तो पुढं आला आणि जो पुढं होता तो साथीला बसला. परत उलट. गाण्यात असं फारसं होत नाही, शब्द असतात ना, शब्द असले की माणसं शब्दांकडंच बघतात. रविशंकरांबरोबर अल्लारखाँ १९६७ ला माँटेरेला आणि १९६९ ला वुडस्टॉकला, अमेरिकेतल्या मोठ्या संगीत महोत्सवांत, वाजवून आले, तिकडच्या लोकांना शब्दांची भानगडच नव्हती, त्यांनी तबला तबला म्हणून ऐकला. मग त्यांचे चिरंजीव झाकीरभाई आले आणि तबलजीला बघायला म्हणून लोक तिकीट काढायला लागले. २०२४ च्या डिसेंबरात ते गेले तेव्हा पानंच्या पानं भरून आली, त्यात शिवकुमार शर्मांच्या संतूरबरोबर ते कसं हळू, नखानं वाजवल्यासारखं वाजवायचे हे फार कमी जणांनी लिहिलं. संतूरचा आवाज पटकन विरतो, त्याच्याखाली डग्गा घुमवून चालत नाही.

आणि तबला सोलो. हा तर माझ्या मते साथीचा सगळ्यात मोठा धडा, कारण इथं सगळंच उलटं. तबला राजा आणि स्वर साथीला. पेटीवाला किंवा सारंगीवाला लेहरा धरतो, तीनताल असेल तर सोळा मात्रांची एक छोटीशी धून, चंद्रकंसातली म्हणा, आणि तीच, तीच, परत तीच, तासभर. एक स्वर बदलायचा नाही. लय वाढवायची नाही, कमी करायची नाही, समोरचा माणूस पेशकार, कायदे, रेले, गती सगळं ओततोय, तिप्पट चौपट आड कुआड, तिहाया (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) अशा येतात की वाटतं आता चुकला, आणि आपण त्या वादळात कपडे वाळत घालायची दोरी असते ना, तशी ताणून बसायचं, त्या दोरीला तो सगळं टांगत असतो. मी एकदाच धरलाय लेहरा, एका तरुण मुलाच्या सोलोला, चाळीस मिनिटं. पंचविसाव्या मिनिटाला मला माझीच धून अनोळखी वाटायला लागली, एखादा शब्द शंभरदा म्हटला की त्याचा अर्थ जातो तसं. त्याच्या एका तिहाईत मी हलले, अर्धी मात्रा, तो मुलगा पडला. लोकांना वाटलं तो चुकला. नाही हो, मी चुकले. हे आज पहिल्यांदा लिहितेय, तो आता मोठा झालाय, वाचत असेल तर माफ कर बाळा.

तुम्ही म्हणाल हे सगळं शास्त्रीयवाल्यांचं, सामान्य वाचकाला काय त्याचं. पण आपल्याकडं सामान्य माणसाची सगळी गाणीच साथीवर उभी आहेत. पोवाड्यात शाहीर ओळ टाकतो आणि मागं झीलकरी 'जी जी रं जी' करतात, ते नुसतं भरायला नसतं, शाहिराला श्वास आणि पुढची ओळ आठवायला तेवढी जागा मिळते, शिवाय तुणतुणं आपलं एकाच तारेवर सूर धरून असतं, गरिबाचा तंबोराच तो. गोंधळात संबळ. लावणीत ढोलकीवाला बाईच्या पायाकडं बघत असतो, लोकांना वाटतं भलतंच, पण त्याला घुंगरांचा बोल उचलायचा असतो. आणि वारीत तर टाळ. भीमसेनजींच्या अभंगवाणीला माऊली टाकळकर टाळ वाजवायचे, वर्षानुवर्षं, दोन हातात दोन टाळ, दुसरं काही नाही, पण अख्ख्या महाराष्ट्राला त्यांचं नाव माहिती झालं. टाळाला सूर बदलता येत नाही, एकच झणकार. पण तो दाबायचा कधी, उघडा कधी सोडायचा, ठोक कुठं हलका, त्याच्यावर अभंग चालतो का पळतो ते ठरतं.

आमच्या भजनी मंडळाचं काय सांगू, आम्ही अकराजणी. कुणीतरी डोळे मिटून एकदम अभंग उचलते, पेटीला विचारते कोण. मग मी तिचा सूर शोधायचा, काळी चार का पांढरी सहा का दोन्हीच्या मधे कुठंतरी, मधे असला तर देवच तारक. दुसऱ्या कडव्यापर्यंत तिला हळूहळू, तिच्या नकळत, जवळच्या पट्टीवर आणायचं, सूर जरासा जोरात धरून, मधल्या जागेत तोच सा परत परत देऊन. रागवायचं नाही, थांबवायचं तर अजिबात नाही. ती येते बरोबर. संपल्यावर म्हणते, आज माझा आवाज छान लागला होता ना? मी म्हणते हो गं, फारच.

तर माझी मागणी फार मोठी नाही. मानधनाचं मी बोलत नाही, ते आयोजकांचं, आणि गायिकेला शाल-श्रीफळ नि साथीदाराला एक गुलाबाचं फूल हे पण मी सोडून देते, फूल घरी येईपर्यंत पेटीच्या कव्हरमधे चेंगरतं. साउंडवाला पेटीचा माइक मुद्दाम बारीक ठेवतो त्याच्याशी मी प्रत्येक कार्यक्रमात स्वतःच भांडते. पण रिपोर्ट तर तुमच्या हातात आहे. शेवटचं ते एक वाक्य काढून टाका आणि त्या जागी साथीदारांनी काय केलं त्याची दोनच वाक्यं लिहायला सांगा तुमच्या समीक्षकांना. उदाहरणार्थ, परवाच्याच मैफलीत बागेश्रीच्या विलंबितात गायिका एकदा समेला उशिरा पोचल्या, तबलजीनं ठेका तसूभर न हलवता फक्त समेची थाप जरा मऊ वाजवली आणि त्यांना आत घेतलं, कुणाला कळलं पण नाही. मी चौथ्या रांगेत होते, मला कळलं. गायिकेला पण कळलं, कारण त्यांनी मान किंचित त्याच्याकडं झुकवली. हे लिहा ना. पैठणीच्या वाक्याएवढीच जागा लागेल.

आणि साथ वाईट झाली तर तेही लिहा, लाजू नका. पेटीवाला सारखा पुढं जात होता, तबला पट्टीतून उतरला होता नि मधे लावलाच नाही, असं छापून आलं तर आम्हाला राग येईल, पण निदान कुणीतरी ऐकत होतं हे तरी समजेल. समर्पक वाचून तेही समजत नाही.

आपली,
एक पेटीवाली वाचक, मिरज

ता.क. रिपोर्टात तबलजींचं आडनाव पण चुकलंय, ते दुरुस्त करून छापता आलं तर बघा. आणि मागं तंबोऱ्यावर दोघी होत्या, एक बारावीची आणि दुसरी नर्सिंगला आहे. त्यांची नावं मी वेगळ्या कागदावर, त्यांना विचारून, सोबत पाठवतेय. पूर्ण फोटो ऑफिसात असेल तर तो पण हवाय, त्या पोरींच्या आयांनी मागितलाय.